नवालचा पाण्याचा ग्रुप

...आणि वर मलाच विचारतात, उस्ताज वगदी, तुम्ही आमच्या नव्या ग्रुपात का नाही? अहो, कुठल्या नव्या? अलेक्झांड्रियातली बारा घरांची इमारत आणि ग्रुप सात! तुम्हाला सांगतो, पहिला माझ्या बायकोनं, नवालनं काढला, कशासाठी? पाण्यासाठी. सकाळी गच्चीवरच्या टाकीची मोटार लावली की ती लिहायची, 'मोटार चालू, बादल्या भरा', बाकीची अकरा घरं अंगठा दाखवायची, संपलं. दोन वर्षं कोणी शब्द जास्त बोललं नाही...

मग एका शुक्रवारी तळमजल्यावरच्या हाजी मुतावल्लींनी 'जुमा मुबारक' टाकलं, गुलाबासकट. आता शुभेच्छेला उत्तर न देणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावणं, म्हणून सगळ्यांनी गुलाब टाकले, गुलाबांना हाजींनी नाव घेऊन धन्यवाद दिले, धन्यवादांवर मादाम इनशिराहनं दुआ दिल्या, दुआंखाली मोटारीचा निरोप गाडला गेला, आणि चौथा मजला अंगाला साबण लावून कोरडा उभा. ग्रुप कशासाठी होता? पाण्यासाठी.

चौथ्या मजल्यावर कोण, तर हीच मादाम. तिनं 'गुलाबांशिवाय' नावाचा ग्रुप काढला, तिथे मुलुखियाच्या पातळ पालेभाजीत ससा घालावा की कोंबडी यावरून फूट पडली, त्यातून 'फक्त लिफ्ट', त्यातून 'लिफ्ट, पण सभ्य भाषेत'...

गेल्या हिवाळ्यात नवाल गेली.

त्या दिवशी सगळे जुन्या ग्रुपात बोलले. 'तिचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो', दहा वेळा तोच मजकूर, इंजिनिअर लमईंनी तर सवयीनं अंगठा दाखवला. चालायचंच. मला वाटलं, तिचा एवढा एक ग्रुप मोडू नये, बाकी मला काही नको.

तिच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत शांतता, मग पुन्हा गुलाब. मादाम इनशिराह दारात. 'उस्ताज, ॲडमिन एकटी नवाल, तिचा फोन तुमच्याकडे. हाजींना काढा, नाहीतर आम्ही सगळे निघतो.' मी काय करणार? ग्रुप वाचावा म्हणून तिचा फोन उघडला, दाबलं. साऱ्या इमारतीच्या फोनवर काय उमटलं? 'नवाल यांनी हाजी मुतावल्ली यांना काढून टाकलं.'

पाच मिनिटांत हाजी अनवाणी वर. 'वगदी, अरे मी तिच्या जनाज्याला खांदा दिला, आणि तिनं मलाच काढलं? माझं काय चुकलं, विचार ना तिला.'

काय विचारू?

लमई म्हणाले, 'तेही शुक्रवारी. मी बुवा निघतो.' संध्याकाळपर्यंत उरलेली दहाही घरं बाहेर. मादाम इनशिराहसुद्धा, 'गेलेल्या माणसानं काढून टाकण्यापेक्षा आपणच निघालेलं बरं' म्हणत. कल्पना कोणाची होती, ते विचारायचं नाही. आणि ग्रुप कशासाठी होता? पाण्यासाठी.

आता त्यात दोघंच, मी आणि नवालचा फोन. सकाळी मोटार लावतो, ग्रुपात लिहितो, 'मोटार चालू', मग कपाटातला तिचा फोन उघडून वाचतो. खुणा लगेच निळ्या होतात. तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांच्या संसारात माझा निरोप इतक्या लवकर कधी वाचला गेला नव्हता.