गुलाबी झालं का?

धाकटी : तू माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या कानाकडे बघतेस.

ताई : काहीतरीच तुझं.

धाकटी : मघापासून बघतेय मी. आधी वाटलं, ताईला झुमके आवडलेले दिसतात. म्हणून काढून पर्समध्ये टाकले. तरी तुझी नजर तिथेच.

ताई : झुमके होते?

धाकटी : घ्या! आता बोल.

ताई : कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो. सरळ बघितलं, तर चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. दृष्टिपटलाचा मधला भाग जातो, कडा राहतात. डॉक्टरांनी तुझ्यासमोरच चित्र काढून दाखवलं होतं की.

धाकटी : मागच्या वर्षी तू गालाकडे बघायचीस. आता कानापर्यंत गेलीस. म्हणजे डाग वाढलाय.

ताई : वाढलाय.

धाकटी : आणि मला दर वेळी फोनवर काय, तर ‘आहे तसंच आहे गं.’

ताई : तू पार्लर चालवतेस की गुप्तहेर खातं?

धाकटी : दिवसभर बायकांच्या भुवया कोरते मी. कुणाची नजर कुठे जाते ते कळतं मला. आणि तो ओटा पुसायचा थांबव आधी. घासून घासून भोक पडेल त्याला.

ताई : बसलं की डोकं जास्त चालतं.

धाकटी : चालू दे. बस. शाळेत काय झालं?

ताई : मुख्याध्यापिकांनी माझा आदर्श पाठ ठेवलाय पुढच्या आठवड्यात. आसपासच्या सगळ्या शाळांतले विज्ञानाचे शिक्षक येणार बघायला.

धाकटी : अगं, मग तोंड पाडून काय बसलीस? काय बघणार ते?

ताई : माझी पद्धत.

धाकटी : कसली पद्धत?

ताई : हसणार नसशील तर सांगते. एक प्रयोग असतो. रंग बदलणारं दर्शक घातलेल्या आम्लात कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. एका थेंबाला ते फिकट गुलाबी होतं, तिथे हात थांबवायचा. अगदी फिकट, आहे की नाही अशी शंका यावी इतपत. तो गुलाबी मला दिसेनासा झालाय. म्हणून मी प्रत्येक टेबलापाशी जाऊन म्हणते, ‘मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा, गुलाबी झालं का? कशावरून?’ मग मुली आपापसात भांडतात, पांढरा कागद धरून बघतात, एकमेकींच्या चुका काढतात.

धाकटी : मग?

ताई : मॅडम एकदा दारात उभं राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘वा! इथे शिक्षक उत्तर देतच नाही!’ फळ्यावर मी लिहीत नाही, मुलींना लिहायला लावते. तेही पद्धतीत जमा झालं.

धाकटी : अगं बाई! म्हणजे तुला दिसत नाही म्हणून तुझा सत्कार?

ताई : हसणार नाही म्हणाली होतीस.

धाकटी : मी कुठे म्हणाले? बरं, नाही हसत. पण एवढ्यासाठी तू ओटा घासत सुटणार नाहीस. जबडा बघ कसा आवळलायस, दाताखाली खडा धरल्यासारखा. आणि हे आजचं नाही. पहाटेच उठून शाळेत पळतेस, भाऊजी सांगत होते.

ताई : कुणी यायच्या आत बाटल्यांच्या जागा बघून ठेवते. हात लावून. एखादीने बाटली भलत्या फळीवर ठेवलेली असली की पुन्हा पहिलीपासून सगळ्या चाचपते. संध्याकाळी घरी येईपर्यंत मान दगड झालेली असते.

धाकटी : आज बाटलीचंच काही झालं?

ताई : नाही. बाटल्या जागेवर होत्या. एका टेबलावर सोड्याच्या गोळ्या सांडल्या होत्या, त्या एका मुलीने हातानेच गोळा केल्या. हा सोडा लगेच भाजत नाही. आधी नुसता बुळबुळीत लागतो, साबणासारखा. आग व्हायला लागते तोवर कातडी गेलेली असते. दर वर्षी मीच शिकवते हे.

धाकटी : भाजली का ती?

ताई : माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुढे केला. बोलली काहीच नाही, घाबरलेली होती. मला वाटलं, वही दाखवतेय.

धाकटी : आणि?

ताई : मी म्हटलं, ‘छान. असंच चालू ठेव.’

धाकटी : अरे देवा.

ताई : शेजारच्या मुलीने तिला ओढत नळाखाली नेलं, म्हणून थोडक्यात निभावलं. बोटांवर फोड आलेत. डॉक्टर म्हणाले, खूण राहणार नाही. मग तिची आई आली. आईने विचारलं, ‘बाईंना का नाही दाखवलंस?’ तर ही खाली मान घालून म्हणते, ‘विसरले.’

धाकटी : खोटं बोलली?

ताई : माझ्यासाठी. म्हणजे मुलींना ठाऊक आहे. कधीपासून, कोण जाणे. दुपारपासून एकेक आठवतंय आणि सगळं जुळत चाललंय. हजेरी घेताना माझं बोट ओळीवर अडलं की पहिल्या बाकावरून कुणीतरी पुढचं नाव पुटपुटतं. मी वळले की वाटेतलं स्टूल सरकल्याचा आवाज येतो. मला वाटायचं, काय शिस्तीची तुकडी मिळालीये!

धाकटी : ताई, आता तरी अपंगत्वाच्या तपासणीसाठी अर्ज कर. मदतनीस मिळतो, भिंगाचं यंत्र मिळतं, उपचारासाठी वेगळी रजा मिळते. तूच वाचून दाखवलं होतंस ना मला?

ताई : तुझ्याकडून वाचून घेतलं होतं.

धाकटी : तेच ते! तेव्हा म्हणालीस, परीक्षा होऊ दे. मग निकाल लागू दे. मग नवीन तुकडी रुळू दे. आता म्हणशील, आदर्श पाठ होऊन जाऊ दे.

ताई : टक्के काढतात गं ते. किती टक्के दिसत नाही. ठरावीक आकड्याच्या वर गेलात तर पास.

धाकटी : मग बरंय की. अभ्यास न करता पास.

ताई : आणि थोडक्यात हुकले तर? तिथेही नापास आणि इथे दिसतही नाही. बरं, पास झाले तरी काय? आमचे खेळाचे सर बघ. गुडघे गेले तसं त्यांना ग्रंथालयात बसवलं, पुस्तकांवर शिक्के मारायला. आता शिक्षकांच्या खोलीत त्यांना नावच उरलेलं नाही. ‘बिचारे आले.’ ‘बिचाऱ्यांना खुर्ची द्या.’ मला नाही व्हायचं बिचारी.

धाकटी : मग ती मुलगी आईशी खोटं बोलली, ते कशाला?

ताई : तिला मी आवडते म्हणून.

धाकटी : ते आहेच. पण अजून काय वाटलं असेल तिला?

ताई : नको ना.

धाकटी : तू होऊन बसलीयेस बिचारी, ताई. शिक्षकांच्या खोलीत कुणाला कळलं नसेल. तुझ्या वर्गाला कळलंय.

ताई : किती लागेल असं बोलतेस.

धाकटी : लागावं म्हणूनच बोलतेय. माझ्या हातून कुणाची भुवई जास्त कोरली गेली, तर महिन्याभरात परत येते. तुझ्याकडे त्या पोरींचे हात आहेत.

ताई : मला काय कळत नाही ते? दुपारपासून तोच हात दिसतोय मला. तेव्हा नाही दिसला, आणि आता डोळे मिटले तरी दिसतोय.

(फोन वाजतो. धाकटी तो स्पीकरवर लावून ताईच्या हातात देते.)

मुख्याध्यापिका : बाई, दोनच मिनिटं घेते. तो सकाळचा किरकोळ प्रकार मिटला हं. तिच्या आईशी बोलले मी. मुलीचाच निष्काळजीपणा, तिनेच कबूल केलंय. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका.

ताई : मॅडम, तिची चूक नव्हती.

मुख्याध्यापिका : हा तुमचा मोठेपणा झाला. बरं, पाठाचं बोलू. पाहुण्यांच्या खुर्च्या दोन्ही बाजूंना लावते. हीच तुकडी घेऊ या, छान तयार केलीये तुम्ही. फक्त त्या मुलीला शेवटच्या बाकावर बसवू. पट्टी बांधलेला हात पाहुण्यांच्या समोर कशाला?

ताई : शेवटच्या बाकावर?

मुख्याध्यापिका : नाहीतर त्या दिवशी घरीच राहू दे तिला.

धाकटी : बोल, ताई.

मुख्याध्यापिका : कोण आहे तिकडे?

ताई : बहीण आहे माझी. मॅडम, पाठ होणार नाही.

मुख्याध्यापिका : अहो, असं कसं? सगळीकडे निरोप गेलेत! घाबरताय होय? इतकी सुंदर पद्धत आहे तुमची...

ताई : ती पद्धत नाही. मुलींना विचारते, कारण मला रंग दिसत नाही. फळ्यावरचंही दिसत नाही. आज त्या मुलीने हात माझ्यासमोर धरला होता. मला तो दिसला नाही.

मुख्याध्यापिका : चष्म्याचा नंबर वाढला असेल, बाई. होतं असं.

ताई : चष्म्याने भागणारं नाही. मागच्या वर्षीच कळलंय मला.

मुख्याध्यापिका : मागच्या वर्षी? आणि सांगताय आज?

ताई : हो. आज सांगतेय.

मुख्याध्यापिका : मग मी काय समजायचं यातून? तुम्ही राजीनामा देताय?

ताई : नाही. शिकवायचं सोडणार नाही मी. अपंगत्वाच्या तपासणीसाठी उद्या अर्ज देतेय. त्याचं काही ठरेपर्यंत प्रयोगशाळेत माझ्यासोबत एक मोठं, दिसणारं माणूस द्या. मुलींवर ते काम नको आता.