कट्ट्याच्या थांब्यावरची पाटी आणि बाबल

मंडळी, तुम्ही सगळे आलात. बाबलची बायको, दोन्ही लेकी समोर बसल्यात. त्यांच्याकडे बघून बोलणं जड जातंय. आणि मला जे बोलायचंय ते शोकसभेत कुणी बोलत नाही. मी बाबलवर जळायचो.

हसू नका. खरंच जळायचो.

मी मास्तर. अख्ख्या कट्टा गावाला बाराखडी शिकवली. पण बाजारात मान कुणाला? एसटीच्या थांब्यासमोरच्या पानवाल्याला, बाबलला. "बाबल, कणकवली गाडी खंय पावली?" सगळे त्यालाच विचारणार. ड्रायव्हर मागच्या थांब्यावरून त्याला मिस्ड कॉल द्यायचे. कुणी लांबून धावत येताना दिसलं, की हा हात वर करायचा आणि गाडी थांबायची. मला कुणी काही विचारत नव्हतं.

म्हणून मी पाटीच्या मागे लागलो. गाडी किती मिनिटांत येणार ते दाखवणारी, लाल अक्षरांची. दोन वर्षं अर्ज लिहिले. पाटी लागली त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तिच्याखाली उभा राहिलो. आता बघू म्हटलं, बाबलला कोण विचारतो.

कोणी विचारलं? माझ्या बायकोनं. पाटी वाचली, रस्ता ओलांडला आणि म्हणाली, "बाबलभाऊ, खरांच धा मिनटां आसत?"

घरी मी भांडलो. ती शांतपणे म्हणाली, "पाटी सांगता गाडी कधी येतली. बाबल तिका थांबवन ठेयता."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी आगारात अर्ज दिला. एक दुकानदार गाड्या अडवून ठेवतो, वेळापत्रक बिघडतं. खाली नाव घातलं नाही. बाबलनं हात केला तरी गाड्या थांबायच्या बंद झाल्या. आज पहिल्यांदा सांगतोय, वहिनी, तो अर्ज माझा.

बाबलला ठाऊक होतं; आगारात त्याला अर्ज दाखवला होता. मला पान देताना एकदा म्हणाला, "गुरुजी, अर्ज ब्येस लिवलात. अक्षर तुमचाच." बस, एवढंच. पुन्हा विषय नाही. तेव्हासुद्धा मला वाटलं, हा माझ्यापेक्षा मोठा का ठरतोय?

गेल्या महिन्यात त्याला तपासणीला कणकवलीला जायचं होतं. पाटीवर एक मिनिट. बाबल गल्लीतून येत होता, छातीवर हात, सावकाश. मी पाटीखालीच उभा. गाडी आली. थांब्यावर उभ्या माणसानं हात केला तर गाडी अजून थांबते. मला हात वर करायचा होता, एवढंच. मी केला नाही. गाडी गेली. तो दुसऱ्या गाडीनं गेला, तासाभरानं. त्या उशिरामुळे तो वारला असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीच मनात म्हणतो.

आज ही गर्दी बघतोय. देवबागहून माणसं आलीत. माझ्या वेळी एवढी येतील? बघा, अजून जळतोय. ही खोड जाईल असं वाटत नाही. पण उद्या आगारात जाऊन दुसरा अर्ज देणार आहे, मागून येणाऱ्यासाठी गाडी थांबवत जा म्हणून, या वेळी नावानिशी.

बाबल, चुकलो रे.

आता दोन मिनिटं शांत उभे राहू. नाही, जरा थांबा. शेवंताकाकी काठी टेकत अजून रस्त्यातच आहेत. त्या पोचू देत. मग सुरुवात करू.