सान मार्तिनोचं बिऱ्हाड

त्याचे दोन्ही हात अडकलेत, हे कोणालाच दिसलं नाही का? — नाही, तुम्ही काय सांगणार, तुम्ही परके, ट्रामची वाट बघताय. पण अख्ख्या गावाला मी हेच विचारत फिरलो — पाद्रीबाबांना विचारलं, फौजदाराला विचारलं — सगळे आपापले बूट बघत राहिले. बसा हो, ट्राम यायला वेळ आहे.

माझा भाऊ, एर्मेते. काल पुरलं त्याला, ह्या समोरच्या भिंतीपलीकडे. सान मार्तिनोच्या सणाला आमचं सगळं खोरं बिऱ्हाड हलवतं — मालकाने ज्याचा करार मोडला, त्याने गाडी भरायची आणि निघायचं. आमचा मोडला, कारण दादा मजुरांची संघटना सोडेना. मालक म्हणाले, "सोड, आणि राहा सुखाने." दादा म्हणाला, "मालक, उद्या लग्न केलं तर बायकोपण तुम्हाला विचारूनच ठेवू का?" असा तोंडाळ! सगळे गडी हसले, मीही हसलो — मला वाटलं, हसलो म्हणजे जिंकलो.

तर वाटेत गाडीचं चाक मोडलं. आईची पावाचं पीठ मळायची लाकडी पेटी दादाने पाठीवर घेतली — हात मागे, डोक्यावर हॅट — आणि समोरून काळ्या शर्टवाल्या फॅसिस्टांची लॉरी. लॉरी आमच्या मालकांचीच, पेट्रोल त्यांचंच, पोरं तेवढी ठिकठिकाणची. पुढे निशाण. निशाण दिसलं की हॅट उतरवायची — कायदा कोणी केला? कोणीच नाही. चारदोन डोकी फुटली आणि सगळा जिल्हा पाळायला लागला. मीही उतरवली, लगेच. आई मागून ओरडली, "निनो, त्याचीपण काढ रे!" शेजारीच तर होतो मी — पण मान वर होईना. रेन्झो खाली उतरला. मालकांचा धाकटा — कालव्यात पोहायला त्याला दादानेच शिकवलं. "काय एर्मेते, डोक्याला थंडी वाजते?" दादा म्हणाला, "पेटी धर जरा, मग काढतो." झालं. पुढचं नका विचारू. फौजदार तंबाखूच्या दुकानात उभा होता, त्याचा सिगार काही पेटता पेटेना.

आई कालपासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. गावाला वाटतं, मी तिचं ऐकलं नाही म्हणून. वाटू दे — नाही, त्यासाठी नाही. त्यासाठी तिने मला जवळ घेतलं होतं. काल ह्या फाटकाशी लॉरीवाले तेच सगळे उभे. रेन्झो म्हणाला, "घरच्यांनी हात वर करून सलाम करायचा, मग शवपेटी आत." मी केला. हसू नका — हसत नाही? बरं. तो म्हणाला, "आणि म्हातारी?" आई हात शालीत गुंडाळून उभी. म्हणाली, "चल निनो, दादाला घरी नेऊ." घरी! घर होतं का आम्हाला? खांदेकऱ्यांचे पाय चिखलात लटपटत होते, पाद्रीबाबा पुस्तकात तोंड घालून — दादाला काय रस्त्यावर ठेवायचं होतं मी? सांगा ना, रस्त्यावर?

मी तिच्या शालीत हात घातला. तिने मूठ आवळून धरली होती, लहान पोरासारखी. एकेक बोट सोडवलं — आणि मनगट धरून तिचा हात मीच वर केला.