माहेरी न नेलेल्या कोंबड्या

माझं माहेर गुजरातच्या हद्दीत, सासर इकडं नवापूरजवळच्या पाड्यावर, अन् लग्न झाल्यापासून मी पोल्ट्रीत कोंबड्या पकडायचं काम करते, दोन्ही हातांत मिळून दहा कोंबड्या पायांना धरून उचलायच्या अन् एकीचाही पंख मोडू द्यायचा नाही, हे माझ्यासारखं कोनाला जमत नाही, खोटं कशाला बोलू.

तर काय सांगू तुम्हाला ताई, त्या साली पोल्ट्रीत मरतूक लागली, बर्ड फ्लू निघाला, मानसालाही होतो म्हनाले, रोज आमचा ताप बघायचे. पोल्ट्रीतल्या सगळ्या मारल्या, मग जनावरांचे डॉक्टर म्हनाले, आता घरच्या कोंबड्यापन द्या. पाड्यावर कोनी तयार होईना. डॉक्टरांची पांढऱ्या कपड्यांतली मानसं दिवसभर पळाली, कोंबड्या गेल्या चिंचेवर, पोरं हसून हसून लोळली. मी म्हटलं, साहेब, असं नसतं पकडायचं, सांजच्याला त्या डालग्यात शिरतात, तेव्हा या.

ते गेले अन् शेजारची दिवलीकाकी पोतं घेऊन आली, आत तिच्या सहा कोंबड्या, म्हने सुमन, तुझ्या आईकडे नेऊन ठेव, हद्दीपलीकडे कोन विचारतं. मागं आनखी चार बाया, पोती घेऊन उभ्याच. ताई, माझी आई एकटी, तिचं पोट कोंबड्यांवर, अन् हा रोग मी डोळ्यांनी पाहिलेला. मी म्हटलं, काकी, या पोत्यातून रोग जाईल, मी नाही नेनार. काकी म्हनाली, तू सरकारची झाली. फार लागलं मला.

सांजच्याला डॉक्टर आले, तशी मी सगळ्यांसमोर दाने टाकले, तीऽ तीऽ करून माझ्याच कोंबड्यांना हाक मारली. आल्या ना ताई, भरवशानं आल्या, अकरा होत्या, नवसाचा लाल कोंबडापन त्यात, सगळ्या माझ्या हातानं दिल्या अन् तिथंच रडले. काकीनं बघितलं अन् पोतं पुढं ठेवलं. मग बाकीच्यांनीपन.

कितीतरी महिने पाड्यावर आरवनं नव्हतं. बंदी उठली तशी माहेरी गेले, तर आईच्या कोंबड्या ठनठनीत! तिनं मला खुडूक कोंबडी दिली, तिच्याखाली उबवायला भुश्यात ठेवून अंडी दिली. पहिली पिल्लं निघाली ती मी काकीच्या पदरात टाकली, मग घरोघरी दिली. आज पाड्यावर कोनत्याही दारात बघा, सगळी माझ्या आईच्याच कोंबडीची औलाद, काकी स्वतः पाहुन्यांना सांगते.

आई मागच्या साली गेली. पन दिवस उगवताना पाड्यावर पहिला कोंबडा आरवला की मी म्हनते, उठली माझी आई.