तोकड्या शेपट्यांचा शोध

सही मी करणार नाही, मदियार, आणि हे तू चौथ्यांदा विचारतोयस. तुझी ही कुल्पाश आपाय, मावशीच म्हण, म्हातारी झाली, प्रयोगशाळा सोडून तिला नऊ वर्षं झाली, नजर अधू झाली— झाली, कबूल. पण कागदावर काय लिहिलंय ते वाचण्याइतकी शिल्लक आहे. ‘सदर छायाचित्र बनावट असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ असं वाक्य लिहायला जर्मनीला जावं लागतं वाटतं— इथं अल्माटीत आम्ही सरळ ‘म्हातारा लबाड आहे’ म्हटलं असतं. ज्या दुलात अगायनी, तुझ्या गुरुजींनी, तुला पिपेट धरायला शिकवलं, ज्यांच्या बायकोनं तुला दोन हिवाळे जेवू घातलं, त्यांच्या जन्मभरातला हा एकच शोध. पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होतायत, सभागृह ठरलंय, मेजवानीला घोडा कापायचा ठरलाय— आणि तो शोध छापणाऱ्या मासिकवाल्यांनी चौकशीला नेमलं म्हणून तू विमानातून उतरलास, हातात चॉकलेटचा डबा घेऊन. ठेव तिकडे. मला साखर चालत नाही.

काय? मला समजावून सांगतोस? अरे, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी क्रोमॅटिन वेगळं काढतेय. एका पेशीतला डीएनएचा धागा ताणला तर तुझ्याहून उंच भरेल— त्याला फार काही लागत नाही म्हणा— आणि तो मावतो कुठे, तर डोळ्याला न दिसणाऱ्या केंद्रकात. कसा मावतो? रिळांवर गुंडाळून, त्या गुंडाळीलाच क्रोमॅटिन म्हणायचं. ती रिळं हिस्टोनची, आठ-आठ प्रथिनांचं एकेक रीळ, आणि प्रत्येक रिळातून बाहेर लोंबतात शेपट्या. शेपट्यांवर खुणा बसतात— एक खूण असली की गुंडाळी सैल, दुसरी असली की घट्ट. सैल झाली की नक्कल काढणारं यंत्र आत शिरतं, जनुकाची नक्कल निघते, पेशी कामाला लागते. घट्ट राहिली तर यंत्र आपलं बाहेर उभं, पासपोर्ट कचेरीतल्या रांगेसारखं. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत पोथी एकच, कुठलं पान उघडं एवढाच फरक. चुकलं काही? नाही ना. मग बालवाडी बंद कर.

अगायचा शोध असा, की वासराच्या थायमसमध्ये, गळ्याखालच्या गाठीत, काही हिस्टोनच्या शेपट्याच तोकड्या. जेलमध्ये प्रथिन जितकं आखूड तितकं खाली सरकतं, आणि त्यांची पट्टी खाली उतरलेली, स्वच्छ, सुरीनं रेघ मारावी तशी. अगाय म्हणाले, बघ कुल्पाश, पेशी खुणा पुसत बसत नाही, शेपटीच कापून टाकते आणि जनुक उघडं करते. आणि तू लिहितोस त्या जेलचं छायाचित्र बनावट. मी तिथं उभी होते. ते जेल मी ओतलं, मी रंगवलं, मी धुतलं. पट्टी खाली होती. होती म्हणजे होती.

मग नंतर कोणालाच का दिसली नाही? तुला दिसणार कशी— तुझा माल गोठवलेला, कारखान्यातून डब्यात येतो. आमचा ताजा. मांसबाजारात तोख्ती कसायासमोर उभं राहायचं— कोवळं वासरूच हवं, कारण जनावर वाढलं की गळ्याखालची ती गाठ विरून चरबी होते, आणि तोख्ती तर आजोबा झालेल्या बैलालाही वासरू म्हणायचा— गाठ हातात पडली की तडक बर्फाच्या बादलीत, आणि ट्रॉलीबस धरायची. तडक का? कारण जनावर मेलं तरी पेशीतले एन्झाइम कामावरून सुटत नाहीत. ऊब मिळाली की कात्री चालवतात, आणि जे बाहेर लोंबतंय ते आधी कापतात. त्यांना आवरायचं औषध असतं, पण पंच्याण्णव सालात आमच्याकडे औषध कुठलं— वीजच दिवसाला चार तास. बर्फ हाच पहारेकरी. आणि माझी बादली कायम भरलेली. बत्तीस वर्षांत एकदाही—

एक दिवस सोडला तर. त्याचा याच्याशी संबंध नाही. माझी लेक मेरुएर्त बाळंतपणाला दवाखान्यात होती, ट्रॉलीबसच्या वाटेवरच, म्हणून पाच मिनिटं उतरले. मुलगी झाली होती आणि मेरुएर्तचं रक्त थांबत नव्हतं. सुईण म्हणाली, पोटावर बर्फ ठेवायला हवा, आणि अख्ख्या दवाखान्यात बर्फ नाही. माझ्या हातात बादली. तू काय केलं असतंस— मासिकाला पत्र लिहिलं असतंस? मी गाठी डोक्याच्या रुमालात बांधल्या आणि सगळा बर्फ देऊन टाकला. दोन तास बसले तिच्याजवळ. जून महिना, खिडकीतून ऊन, गाठोडं मांडीवर. रक्त थांबलं तशी उठले. अगायनी विचारलं, उशीर का. म्हटलं, ट्रॉलीबस बंद पडली. पुढे वासरंच मिळेनात, म्हणून त्या एका दिवसाच्या मालावर वर्षभर काम चाललं.

लिहायचा थांबलास का?

मला कळलं नव्हतं का, म्हणतोस? पट्टी पाहिली त्याच क्षणी कळलं. सांगणार होते. पण अगाय ते जेल उजेडाकडे धरून उभे होते, आणि त्या माणसाला मी दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. प्रयोगशाळेला टाळं लागायचं ठरलं होतं, चौदा जणं बाजारात मोजे विकायला बसणार होती. त्या लेखानं टाळं टळलं. तू ज्या टेबलावर शिकलास ना, शहाण्या, ते टेबल त्या तोकड्या शेपट्यांवर उभं होतं. आणि बर्फ मी पुन्हा देईन, तेही लिहून घे.

नाही, थांब. बर्फाचं नको. अगाय खोटं बोलले नाहीत, एवढंच लिही. ... ठाऊक आहे रे, नुसत्या एवढ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. एक तर ते लबाड, नाही तर तीस वर्षं फसलेले, आणि दोन्हींतलं कुठलं ते मी ठरवायचं. छान काम काढलंस माझ्यासाठी.

आण तो कागद. ‘बनावट’ खोड. असं नाही, दोन रेघा मार, नीट दिसू दे. आता लिही— बर्फ कुल्पाशनं काढला, माल दोन तास उन्हात राहिला, दुलात यांना सांगितलं नाही. मेरुएर्तचं नाव घालायचं नाही. सही इथं? ही घे. आणि अगायना मी सांगणार, उद्या, मी एकटी जाऊन. तोवर तू त्यांच्या दाराकडे फिरकायचं नाहीस. काय ऐकायचं, कोणाकडून ऐकायचं, एवढं तरी त्या माणसाच्या वाट्याला नीट येऊ दे.

हा चहा घे. काठोकाठ ओतलाय. पाहुण्यानं आता उठावं असं वाटलं की पियाला काठोकाठ भरून देतात, ते तिकडे राहून विसरला असशील तर घरी गेल्यावर आईला विचार. दार ओढून घे.