एकेचाळिसांतले दोन

चिंगी : हाही नाही, तोही नाही, मग टाकायचा तरी कुठला? सकाळपासून डब्यात एक चाकू पडलाय, दादा. एक!

दादा : पडलाय ना? सुरुवात झाली म्हणायची.

चिंगी : एकेचाळीस चाकू टेबलावर मांडून बसलायस. माणसाला खिसे किती? दोन. हे दोन मल्टिटूल ठेव आणि बाकीचे मला नेऊ दे. पक्कड आहे, कातर आहे, स्क्रूड्रायव्हर आहे, बाटलीचं झाकण उघडतं. संसाराला आणखी काय लागतं?

दादा : ते चाकू नव्हेत, चिंगे. ते सरकारी कारकून. सगळं थोडं थोडं येतं, मन लावून काहीच करत नाहीत.

चिंगी : मग कारकूनच बरे! आईला सांभाळायला येणाऱ्या त्या मावशींनी फोनवर काय बजावलंय, विसरलास का? सोमवारी आठला येणार, आईला हात लावायच्या आधी घर बघणार, आणि एक जरी पातं दिसलं तर उंबऱ्यावरूनच माघारी. आधीच्या दोघी पळाल्या, ही तिसरी. संस्था चौथी पाठवणार नाही. आणि सोमवारी तू कामावर हजर झाला नाहीस तर साहेब तुझ्या जागी दुसरा घेणार.

दादा : पाठ आहे मला.

चिंगी : पाठ आहे तर हात चालव. हा शिंगाच्या मुठीचा टाकू?

दादा : तो राहू दे. तो दवाखान्याच्या लिफ्टचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, आत एक बाई, दिवस भरलेली, कळा सुरू झालेल्या. चाळीस मिनिटं लागली मला. वर वॉर्डात नेली आणि लगेच मुलगी झाली.

चिंगी : मग तिनं दिला होय हा?

दादा : छे! आमच्या लिफ्ट-मेकॅनिकांच्या टोळीची रीत आहे. ज्यानं अडकलेल्याला बाहेर काढलं, त्याला बाकीच्यांनी मिळून चाकू घेऊन द्यायचा. बत्तीस वर्षं झाली. एक सुटका, एक चाकू.

चिंगी : अगं बाई! आणि मी इतकी वर्षं समजत होते, तुला नाद आहे.

दादा : नाद नंतर लागला. धार लावायचा.

आई : (आतल्या खोलीचं लोटलेलं दार ठोठावत) अहो! कोणी आहे का बाहेर?

दादा : आहे, बाई! मी मेकॅनिक. बाहेरच उभा आहे. घाबरू नका.

आई : किती वेळ लागेल अजून?

दादा : काम चालू आहे. दाराला हात लावू नका, मागे टेकून बसा.

आई : बसते. पण जाऊ नका हं तुम्ही.

दादा : नाही जात.

चिंगी : अरे, दार तर उघडंच आहे. नुसतं लोटलंय.

दादा : हळू बोल. उघडं असो नाहीतर बंद, तिला ती लिफ्ट वाटते. मी हात धरून आणल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही.

चिंगी : पोटचा पोरगा, आणि त्याला ‘अहो मेकॅनिक’! हे खूळ तिच्या डोक्यात घातलं कोणी?

दादा : मीच.

चिंगी : तू?

दादा : आठ महिने झाले. त्या दारापाशी उभी राहून रडत होती. ‘मी कुठे आले, हे उघडत का नाही?’ मी म्हटलं, आई, मी तुझा मुलगा. तर किंचाळली. ‘कोण तुम्ही? लांब व्हा!’ मी घाबरलो, चिंगे. आणि घाबरलो की माझ्या तोंडून एकच वाक्य निघतं, कामावरचं. ‘घाबरू नका, मी मेकॅनिक, बाहेरच उभा आहे.’ एका क्षणात शांत झाली. मला वाटलं, सुटलो. ती मात्र त्या दिवशी जी लिफ्टमध्ये शिरली, ती शिरलीच.

चिंगी : वा! आपल्या हातानं आपल्याच आईला लिफ्टमध्ये कोंडलंस.

दादा : बोल, बोल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? वर्षातून दोनदा येतेस, दोन दिवस राहतेस, नि घड्याळ बघत परत जातेस.

चिंगी : हो, जाते. का जाते ते विचार ना! मागच्या खेपेला ती तुला म्हणाली, ‘ह्या बाईंना बाहेर काढा, ह्या माझे कपडे चोरतात.’ तिचाच फाटलेला परकर शिवत बसले होते मी. जीव तुटतो रे माझा. इथे बसवत नाही. म्हणून पळते. झालं समाधान?

दादा : नाही.

चिंगी : माझंही नाही. दे तो चाकू इकडे. टाकायचा नसेल तर निदान धार तरी बघू दे. अगं आई गं, दोरा नुसता टेकवला आणि दोन तुकडे! माझ्या शिलाईच्या दुकानात एका कातरीला अशी धार नाही.

दादा : दर रविवारी दगडावर घासतो. एकही सुटत नाही.

चिंगी : हा? हाही कापतो. हा तर बघायलाच नको. आणि हा पिवळ्या मुठीचा… अरे, हा दोरा नुसता चेपतोय.

दादा : राहिला असेल.

चिंगी : राहिला? ह्याचं पातं कानशीनं घासून घालवलंय. हे ओरखडे बघ की. थांब. पिवळी मूठ. दुसऱ्या बाई फोनवर मला काय म्हणाल्या होत्या? ‘तुमच्या आईच्या उशीखाली पिवळ्या मुठीचा चाकू निघाला, मी या घरात पाय ठेवणार नाही.’

दादा : आई उचलते काहीही.

चिंगी : आई? जी हात धरल्याशिवाय खोलीबाहेर येत नाही, ती? आणि चाकूंच्या ह्या कपाटाला कुलूप, किल्ली तुझ्या गळ्यात! हातच्या काकणाला आरसा कशाला, दादा? चाकू तूच ठेवलास. तिला लागू नये म्हणून आधी धार घालवलीस, आणि मग ठेवलास. पहिल्या बाईंना मोरीपाशी सापडला होता, तोही तूच ठेवलेला?

दादा : तोही.

चिंगी : का रे? तुझ्या मदतीला आलेल्या बायका तूच हाकलतोस आणि फोनवर माझ्यापाशी रडतोस, ‘चिंगे, कोणी टिकत नाही’? स्वतःच्या पायावर धोंडा कोणी असा मोजून मापून पाडून घेतो का?

दादा : पहिल्या बाई आल्या तेव्हा मी गेलो होतो कामावर. एकच दिवस. बाई वाईट नव्हत्या. वेळेवर जेवू घातलं, अंग पुसलं, केस विंचरले. पण आई हाका मारायची मेकॅनिकला, आणि बाई म्हणायच्या, ‘आजी, कुठली लिफ्ट नि कुठला मेकॅनिक, हे तर तुमचंच घर.’ दिवसभर दार बडवलं तिनं. मी आलो तेव्हा दोन्ही हात सुजलेले, आवाज पार बसलेला. मला म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्ही मला आत ठेवून निघून गेलात.’ बत्तीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं गं.

चिंगी : अरे, मग मला नाही का सांगायचंस?

दादा : काय सांगू? आपल्याच आईच्या उशीखाली मी चाकू ठेवतो, हे? मला जायचंय, चिंगे. फार जायचंय. रोज सकाळी साडेसातला बूट घालून इथे बसतो आणि साडेआठला काढून ठेवतो. ह्या दोन खोल्यांत गुदमरतो मी. कधीकधी वाटतं, त्या दारापाशी जावं आणि ओरडून सांगावं, कोणी येणार नाही, मर तिथेच! मग ती विचारते, ‘चहा घेतलात का तुम्ही?’ आणि मला माझीच लाज वाटते. इकडे आड, तिकडे विहीर.

चिंगी : इतकं सगळं पोटात ठेवून चाकूंना धार लावत बसलास होय रे, वेड्या?

दादा : दुसरं काय करणार? आमच्या कामात पहिला नियमच तो. दार उघडेपर्यंत आवाज तुटता कामा नये. हात चालोत न चालोत, आतल्या माणसाशी बोलत राहायचं.

चिंगी : एकट्यानंच? काम दहा तास चाललं तर?

दादा : तेव्हा पाळी बदलते की. दुसरा उभा राहतो. आतल्याला आधी सांगतो, आता मी आहे म्हणून.

चिंगी : मग?

दादा : मग काय?

चिंगी : मग इथे का नाही बदलत पाळी?

दादा : ती माझा आवाज धरून बसलीय. दुसऱ्याचा नाही चालायचा तिला.

चिंगी : करून बघितलंस?

दादा : …नाही.

चिंगी : मी पुढचा आठवडाभर राहते. दुकान राहील बंद, गिऱ्हाइकं नागडी नाही फिरणार. मावशींना मी तयार करते. ‘मी बाहेरच उभी आहे’ एवढं म्हणायला काय शाळा शिकावी लागते? पण त्या आधी हे टेबल रिकामं झालं पाहिजे.

दादा : आणि आईनं नाही मानलं तर?

चिंगी : नाही मानलं तर तुझे चाकू तुला परत. मी काही विकायला नेत नाहीये. बोल, टाकू?

दादा : टाक. अगं हळू, ओतू नकोस! एकेक ठेव.

चिंगी : एकेक चिंधीत गुंडाळते, मग तर झालं? शिंपिणीकडे चिंध्यांना काय तोटा! आणि तुझ्या ह्या कारकुनांतही पाती आहेत की रे.

दादा : बोटाएवढी आहेत. दोन स्क्रू काढले की निघतात. आजच काढतो.

आई : अहो मेकॅनिक! आहात ना?

चिंगी : बस तू. मी जाते.

दादा : चिंगे, नको. तुला बघून घाबरेल.

चिंगी : घाबरली तर तू आहेसच. आणि दार उघडतंय कोण? …आहे, बाई! मी आहे बाहेर!

आई : कोण? हा त्यांचा आवाज नाही.

चिंगी : नाही. त्यांची पाळी संपली. आता मी आहे. मी मेकॅनिक.

आई : बाईमाणूस?

चिंगी : हो. आमच्यात बायकाही असतात आता.

आई : काम येतं ना पण नीट?

चिंगी : शिकतेय. चुकले तर तुम्ही सांगा.

आई : तुम्ही जाणार तर नाही ना?

चिंगी : नाही जाणार. इथेच उभी आहे. दाराला हात लावू नका, मागे टेकून बसा.

आई : बसते. …अहो, ऐकता का?

चिंगी : बोला ना, बाई.

आई : त्या आधीच्यांना जाऊ द्या आता. भला माणूस आहे हो, फार दिवस उभा आहे तिथे. घरी त्यांची आई वाट बघत असेल.