जोशाचं बुद्धिबळाचं पुस्तक

काय सांगू यार, माझ्याच खोडीनं माझा डाव गेला. इथं मनीमाजऱ्यात माझा शेजारी जोशी. पोरगा त्याचा एअरफोर्समध्ये, त्याची बदली आली, रविवारी सगळे चालले नागपूरला. जायच्या आधी मला एकदा तरी हरवायचं म्हणून जोशानं जाडजूड पुस्तक आणलं. डाव सुरू कसा करायचा, समोरच्याला उत्तर काय द्यायचं, सगळं त्यात. मला लिहिता-वाचता आपलं सहीपुरतंच येतं.

मी कायम राजापुढचं प्यादं सरकवतो. त्याचंच उत्तर त्यानं महिनाभर घोकलं. आज बसलो आणि मला खाज सुटली. सरकवलं कडेचं प्यादं! तो पुस्तक चाळतोय, चाळतोय, चहा पार गार.

"अरे, हे यात नाहीच!"

"मग डोक्यानं खेळ की, जोशा."

"तयारीशिवाय नाही खेळणार."

थकलो बाबा मी. म्हटलं, "बरं, परत मांड. राजाचंच प्यादं घेतो. हरव मला, पण खेळ."

"दया नको तुझी. कडेच्या प्याद्याचं पुस्तक मागवलंय आत्ताच."

"कधी येतंय?"

"सोमवारी. आम्ही नसू ना, म्हणून पत्ता तुझा दिलाय."